अकरा मीटर

गुरुवार, ८ फेब्रुवारी १९७३. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी स्टॉकहोममधल्या सेन्सॉर कार्यालयाच्या छोट्या प्रेक्षागृहात दिवे मालवले गेले आणि ‘आल्मा परत आली’ हा चित्रपट सुरू झाला. पाहणारे दोघे होते. यालमार फागेर्लिन, वय अठ्ठावन्न, या कामात एकोणीस वर्षं मुरलेला. आणि दाग्नी ओस्लुंद, वय एकतीस, आधी शाळेत मानसशास्त्र शिकवायची, इथे येऊन तिला चार महिने झाले होते.

दोघांच्याही खुर्चीच्या हातावर एक बटण होतं. ते दाबलं की यंत्रखोलीत घंटी वाजायची आणि यंत्रचालक फिरत्या रिळात कागदाची चिठ्ठी सरकवायचा. चित्रपट संपल्यावर चिठ्ठ्यांच्या जागा बघून काय कापायचं ते ठरे. कापलेला तुकडा पत्र्याच्या डबीत जाई आणि डबीवर क्रमांक पडे. प्रत्येक चित्रपटाचं एक कार्ड असे. त्यावर एकूण लांबी, वयाची अट, कापलेले मीटर आणि कापण्याचं कारण लिहिलेलं असे. खाली सही.

चित्रपटाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येण्यासारखी होती. उत्तरेकडच्या एका लाकूड गिरणीत तीन पुरुष आल्मा नावाच्या मुलीचे हाल करून तिला मेली समजून नदीत टाकतात. हिवाळ्यात ती परत येते आणि गिरणीतल्याच अवजारांनी तिघांना एकेक करून मारते. निर्मात्यांना गाजावाजा हवा होता आणि त्यांनी तो लपवलाही नव्हता. पोस्टर आधीच छापून तयार होतं.

तिसऱ्या रिळात ते तिघे आल्माच्या उजव्या हाताला दोर बांधतात, दोराचं दुसरं टोक गिरणीच्या रहाटाला, आणि तिला पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून ओढत नेतात. मग पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो. मागे व्हायोलिन आणि रहाटाची घरघर. संवाद नाही. ओठ मात्र हलत असतात.

दाग्नीने बटण दाबलं. फागेर्लिनने दाबलं नव्हतं.

दाग्नीचा धाकटा भाऊ फोल्के जन्मापासून बहिरा. त्याच्या शाळेने त्याला ओठ वाचायला शिकवलं आणि त्याच्याबरोबर घरी सराव करता करता ते दाग्नीलाही येऊ लागलं. मनात नसतानाही ती वाचायची. बसमध्ये, दुकानात, काचेपलीकडे.

गुरुवार असल्यामुळे दुपारी खानावळीत तिकडच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक होते. फागेर्लिनने सुपात मोहरीची चटणी घातली आणि विचारलं,

“तिसऱ्या रिळात का दाबलंत?”

“ती बोलते आहे.”

“कोण, आल्मा?”

“आल्मा नाही. ती नटी. सीव उलांदर. ती म्हणते, ‘रूने, थांब. दोर सोडव. माझा हात गेला. रूने, हे खरं आहे.’ दोनदा म्हणते.”

“चित्रपटात रूने नावाचं कोणी आहे?”

“नाही. दिग्दर्शक आहे. रूने शेदर.”

फागेर्लिनने सुपात चमचा फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. घरी आजारी बायको होती, तिचं सगळं तोच करायचा.

“दाग्नी, आपण पडदा बघतो. पडद्यामागे बघायला पोलीस आहेत, कामगार निरीक्षक आहेत, देव आहे. ज्याचं त्याचं खातं वेगळं.”

“मग काय, सोडून देऊ?”

“कापा की. कापायला कोण नको म्हणतंय? पण कारण कायद्यातलं लिहा. ‘नटीला लागलं’ असं कारण कायद्यात नाही. ‘मन निबर करणारं दृश्य’ हे आहे.”

“आणि मी जे पाहिलं, ते कुठे लिहू?”

“नोंदीत प्रेक्षक जे पाहील ते लिहायचं. प्रेक्षकाला ओठ वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात हा तुमचा खासगी दोष आहे.” तो हसला. “पॅनकेक घ्या, थंड होतायत.”

दुपारी दाग्नीने कार्ड भरलं. पहिली काटछाट: तिसरं रीळ, अकरा मीटर. आल्मा ओंडक्यांवरून ओढली जाते, चेहरा जवळून. कारण: मन निबर करणारे दृश्य. अकरा मीटर म्हणजे पडद्यावर चोवीस सेकंद. उरलेल्या तीन काटछाटी सूडाच्या भागातल्या होत्या, त्या फागेर्लिनने सुचवल्या. त्या संध्याकाळी घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. तो चेहरा आता कुणाला दिसणार नव्हता. त्या मुलीवर आपण एक उपकार केला, असं तिला वाटलं.

पुढच्या मंगळवारी रूने शेदर स्वतः कार्यालयात आला. चाळिशीचा, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, सगळ्यांशी जुनी ओळख असल्यासारखा बोलणारा. सूडाच्या तीन तुकड्यांसाठी, मिळून आठ मीटरसाठी, तो तासभर भांडला.

“ते तिघे मेलेले दिसलेच नाहीत तर बाई परत कशाला आली? हवापालटाला?”

“मेल्याचं कळतं,” फागेर्लिन म्हणाला. “कसे मेले ते शिकवायची गरज नाही.”

“आणि पहिला तुकडा?” दाग्नीने विचारलं. “त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तो चेहरा? काढा ना. लांबलाच होता.”

आठ मीटरसाठी भांडणारा माणूस अकरा मीटर सहज सोडून देतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते कुठे लिहिलं नाही. लिहायला रकाना नव्हता.

चित्रपट लागला. वर्तमानपत्रांनी त्याला देशाची लाज म्हटलं, त्यामुळे तो आणखी चालला. परदेशात वेगवेगळ्या नावांनी गेला.

ऑक्टोबर १९७४ मध्ये दाग्नीने न्याहारी करताना एक छोटी बातमी वाचली. सीव उलांदर, वय चोवीस, हिने चित्रीकरणात उजवा हात कायमचा अधू झाल्याबद्दल निर्मात्यांविरुद्ध केलेला दावा न्यायालयाने पुराव्याअभावी फेटाळला होता. दिग्दर्शकाची साक्ष अशी होती, की चित्रीकरण सुरळीत झालं आणि संध्याकाळी मुक्कामाच्या घरी, पार्टीनंतर, नटी जिन्यावरून पडली. रहाटावर असलेल्या दोघा कामगारांना काही आठवत नव्हतं. अपील करायला तीन आठवड्यांची मुदत होती.

रविवारी फोल्के जेवायला आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने काटा-सुरी खाली ठेवली आणि हातांनी विचारलं,

‘बहिरा मी आहे. तू मुकी कधीपासून झालीस?’

सोमवारी फोन करायचा असं तिने ठरवलं. सोमवारी दोन चित्रपट होते. मंगळवारी फागेर्लिनची बायको वारली, बुधवारी सगळे तिकडे गेले. दुसऱ्या आठवड्यात तिने वकिलाचा नंबर शोधून वहीत लिहिला. तिसऱ्या आठवड्यात तिने एकदा नंबर फिरवला, गुंतलेला लागला, आणि तिला बरं वाटलं. मुदत संपली. आता सांगून काय उपयोग, असं तिने स्वतःला समजावलं. समजावावं लागलं, हेही तिला कळत होतं.

फागेर्लिन १९८८ मध्ये गेला. दाग्नी २००४ मध्ये निवृत्त झाली. या काळात ‘आल्मा परत आली’ला नवे चाहते मिळाले. तिच्या भाच्याच्या मुलाच्या अंगात एकदा त्याच पोस्टरचा टी-शर्ट होता. त्यावर लिहिलं होतं: ‘सेन्सॉरने जे तुमच्यापासून लपवलं’.

१ जानेवारी २०११ पासून प्रौढांच्या चित्रपटांची काटछाट देशात कायद्यानेच बंद झाली. तोपर्यंत सगळ्या डब्या एका चित्रपट संग्रहालयाकडे गेल्या होत्या. मंगळवार, १५ मार्चला तिथल्या हेदविग रास्कचा फोन आला. वय चौतीस, आवाज उत्साही.

“आम्ही ‘आल्मा’ पूर्ण करतोय. तुम्ही कापलेले चारही तुकडे परत जोडून, सप्टेंबरमधल्या महोत्सवासाठी. तीन कुठे बसतात ते कळलं. पहिला मात्र परदेशी प्रतींत कुठेच नाही. मूळ निगेटिव्हमधूनही काढलेला आहे.”

“निगेटिव्हमधून? तो आमचा अधिकारच नव्हता. आम्ही फक्त दाखवायच्या प्रती कापायचो.”

“म्हणूनच विचारते. शेदरनाही विचारलं. ते म्हणाले, तो सोडून द्या, खराब होता.”

दाग्नी फोनजवळच्या स्टुलावर बसली. म्हणजे जगात कुठेही तो तुकडा उरला नव्हता. तिने कापल्यामुळे वाचला होता तेवढाच.

“डबीत आहे?”

“आहे. रंग उडून गुलाबी झालाय. पण चेहरा स्पष्ट आहे.”

“जोडू नका. मला आधी एकीला विचारायचंय.”

सीव उलांदर हार्नेसांदला राहत होती. एका दंतवैद्याकडे स्वागतकक्षात तीस वर्षं काम करून नुकतीच मोकळी झालेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, “शनिवारी या. अकरानंतर.” दाग्नी सुंद्स्वालपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेली. खाडीत अजून बर्फ होता. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनदा जुळवलं.

“बूट तिथेच काढा,” सीव दारात म्हणाली. “बर्फ आत नको. कॉफी तयार आहे.”

तिने किटली डाव्या हाताने उचलली. उजव्या हाताची तीन बोटं सरळच राहत होती. दाग्नीने जुळवलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं.

“मी सेन्सॉरमध्ये होते. तुमचा चित्रपट पहिल्यांदा आम्ही पाहिला. तो तुकडा मी कापला.”

“माहीत आहे.”

“कसं?”

सीवने ओट्याखालचा खण ओढला. वर बिलं, खाली हमीपत्रं, त्याखाली एक पिवळा पडलेला कागद. तो कार्डाची नक्कल होता.

“सरकारी कागद आहे ना, कुणीही मागावा. चौऱ्याहत्तरमध्ये माझ्या वकिलाने तुमच्या खिडकीवर जाऊन मागितला. त्याच दिवशी मिळाला, तक्रार नाही.” तिने चष्मा लावला आणि वाचलं. “‘आल्मा ओंडक्यांवरून ओढली जाते, चेहरा जवळून. कारण: मन निबर करणारे दृश्य.’ खाली सही. द. ओस्लुंद. वकील म्हणाला, असं तर ते प्रत्येक चित्रपटात लिहितात, यात आपल्या कामाचं काही नाही. डबी मागवलीच नाही त्याने.”

दाग्नीने आपली सही पाहिली. बाकदार, शाळेच्या फळ्यावरच्यासारखी स्वच्छ.

“त्यात तुम्ही बोलता आहात,” ती म्हणाली. “आवाज काढून टाकलाय. पण मला ओठ वाचता येतात. मी तेव्हाच वाचलं होतं.”

सीवने कागद खाली ठेवला.

“काय म्हणते मी?”

“‘रूने, थांब. दोर सोडव. माझा हात गेला. रूने, हे खरं आहे.’ दोनदा.”

“दोनदा?”

“हो.”

“मला वाटायचं एकदाच.” सीवने चष्मा काढला. “नंतर नंतर तर वाटायला लागलं, म्हटलंच नसेन. मनातल्या मनात म्हटलं असेन. सगळे म्हणायचे ना, दारू पिऊन जिन्यावरून पडली. आईसुद्धा म्हणायची, सीव, आता खरं सांगून टाक, मी रागावणार नाही. तेच खरं धरून गेली बिचारी. मलाही तो जिना डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. हिरवा कठडा होता त्याला.”

बाहेर कुणीतरी फावड्याने पायऱ्या साफ करत होतं.

“अडतीस वर्षं, दाग्नी,” सीव म्हणाली. आतापर्यंतचं ‘तुम्ही’ संपलं होतं. “फोन नव्हता तुझ्याकडे?”

“होता.”

“मग बोटं नव्हती? बोटं तर माझी गेली.”

दाग्नी म्हणाली, “मला वाटलं, तुझा तो चेहरा कुणी बघू नये. म्हणून कापला.”

“कुणी म्हणजे कोण? एका माणसाने बघायला हवा होता. न्यायाधीशाने. तू झाकलास तो त्याच्यापासून.”

“हो.”

“रूनेला तू फुकटचा हात दिलास. त्याचं काम तू केलंस, वर सही करून.”

“हो.”

“नुसतं हो हो करू नकोस, चर्चमध्ये बसल्यासारखं.” सीवने केकची बशी पुढे सरकवली. “घे. शेजारणीने केलाय, कोरडा आहे.”

माफीचा विषय दोघींनीही काढला नाही. निघायच्या आधी सीवने तिला काय हवं ते सांगितलं. तुकडा चित्रपटात जोडायचा नाही, हॉलभर अनोळखी लोकांसमोर तो हात पुन्हा मोडायला नको. पण जाळायचाही नाही. भरपाई नको, तिची मुदत कधीच गेली. तिला एवढंच हवं होतं, की त्या कार्डावर, कारणाच्या रकान्यात, दाग्नीने खरं कारण लिहावं.

“कार्ड आता बदलता येत नाही,” दाग्नी म्हणाली. “जुना सरकारी दस्तऐवज आहे.”

“मग त्याला जोड. टाचणीने का होईना. पुढे कुणी खिडकीवर जाऊन ते मागितलं, तर दोन्ही कागद हातात पडायला हवेत.”

मंगळवार, १२ एप्रिलला हेदविगने तो तुकडा दाखवला. दाग्नीबरोबर फोल्के होता, वय सदुसष्ट. त्याने तो चार वेळा पाहिला आणि कागदावर शब्द लिहिले. दाग्नीच्या आठवणीतलं प्रत्येक वाक्य त्यात होतं. शेवटी एक वाक्य जास्त होतं. चेहरा अर्धा वळल्यावर ओठांची कडच फक्त दिसते, तिथलं. १९७३ मध्ये ते दाग्नीला वाचता आलं नव्हतं.

‘तू बघतोयस, रूने.’

हेदविगने कागद दोनदा वाचला आणि तुकडा जोडायचा नाही असं त्याच दिवशी ठरवलं. दाग्नीने तीन पानांचं निवेदन लिहिलं: काय पाहिलं, फागेर्लिनला काय सांगितलं, कार्डावर काय लिहिलं, काय लिहिलं नाही, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये बातमी वाचूनही आपण गप्प राहिलो. फागेर्लिनचं वाक्य तिने तसंच्या तसं घातलं आणि खाली लिहिलं की सही माझी आहे, त्यामुळे जबाबदारीही माझी. निवेदन आणि फोल्केचा कागद कार्डाला जोडावा, असा अर्ज तिने आणि सीवने मिळून केला.

शनिवार, १७ सप्टेंबरला चित्रपट दाखवला गेला. सीव आली नाही. दाग्नी नवव्या रांगेत होती. सूडाचे तीन तुकडे परत आले होते आणि प्रत्येकाला टाळ्या पडल्या. संपल्यावर रूने शेदर, वय एकोणऐंशी, काठी टेकत मंचावर चढला. चारातला राहिलेला तुकडा का नाही, असं कुणीतरी विचारलं.

“इतकं कापलंय त्यांनी आयुष्यभर,” तो म्हणाला, “एक तरी राहू दे त्यांच्याकडे. आठवण म्हणून.”

हॉल हसला. दाग्नी उठून उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

“तो तुकडा तुम्ही निगेटिव्हमधूनही का काढलात?”

शेदरने कपाळावर हात धरून प्रकाशातून पाहिलं. “आपण कोण, बाई?”

“दाग्नी ओस्लुंद. तो मी कापला होता. सेन्सॉरमध्ये होते मी.”

आधी एक शिट्टी आली, मग मागच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली. कुणी ओरडलं, “आज कात्री घरी विसरलात का, आजी?” लोक पोट धरून हसले. दाग्नी बोलत होती. सीवचं नाव तिने घेतलं, दोराचं सांगितलं, तारीख सांगितली. माइक चालू होता की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. हेदविग पहिल्या रांगेत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे ऐकू काही आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले. शेदर तोपर्यंत पुढच्या प्रश्नाकडे वळला होता.

अर्जाला उत्तर शुक्रवार, ९ डिसेंबरला आलं. हेदविगची बदली दुसऱ्या विभागात झाली होती, सही नव्या माणसाची होती. पत्रात तीन मुद्दे होते. दोन्ही वाचणारे सख्खे बहीणभाऊ आहेत आणि भावाला मजकूर आधीपासून माहीत होता, म्हणून ओठांचं स्वतंत्र वाचन लागेल. स्वतंत्र वाचनासाठी तुकडा बाहेरच्या माणसाला दाखवावा लागेल, आणि त्याला चित्रपटाचे हक्क असलेल्या कंपनीची परवानगी लागेल. कंपनी शेदरची आहे. तिला पत्र पाठवलं आहे, उत्तर आलेलं नाही.

दाग्नीने ते पत्र फोनवर सीवला वाचून दाखवलं.

“आता काय?” सीवने विचारलं.

“पुन्हा लिहिते.”

“लिही. आणि दाग्नी, सोमवारची वाट बघू नकोस.”

दुसरा अर्ज त्याच दिवशी टपालात पडला. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. डबी संग्रहालयाच्या तळघरात आहे. कार्ड मागायला कुणी खिडकीवर गेलं, तर ते त्याच दिवशी मिळतं. एकच कागद.